बांधून ठेवलेली कळी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भोपळ्याच्या दोन कळ्या दोऱ्यानं बांधल्या. एक नर, एक मादी. दिवस बुडायला आला होता. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला आमचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आहे, तिथं गाईला वैरण टाकून झाली होती. बायको वेलाच्या बुडाशी बसली, दोन बोटांत नर कळीचं टोक मिटून धरलं आणि म्हणाली, "आवळा. लई न्हाई. मुंगी शिरू नये इतकंच."

मी दोरा गुंडाळला, गाठ मारली. मग कुडाच्या पलीकडच्या वेलाकडं गेलो. तिथं मादी कळी होती. मादी कळीच्या देठाशी लिंबाएवढा भोपळा आधीच आलेला असतो. त्याला बोट दाखवलं की तो सडतो असं ती मानायची, म्हणून तिनं मला हनुवटीनं दाखवलं. मी तीही बांधली. दोन्ही कळ्या हिरव्यातून पिवळ्यावर फिरल्या होत्या. असा रंग फिरला की कळी दुसऱ्या दिवशी फटफटताना उमलते आणि ऊन तापलं की मिटते. पुन्हा उमलत नाही. काम करायचं ते तेवढ्यातच.

"उद्या लवकर उठा," ती म्हणाली. "तुम्हाला हाका मारू मारू माझी दुपार होती."

"तूच उठत न्हाईस."

"हाव, मीच उठत न्हाई," असं म्हणून ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि आम्ही घरी आलो.

एवढंच. शेवटचं म्हणून वेगळं काही केलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. शेतात गेलो, परत शाळेत गेलो नाही. लिहायचा सराव नाही. पण तिच्या भोपळ्याचं लोक सारखं विचारतात, आणि विचारणाऱ्याला अर्धं सांगून मी उठून जातो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, भोकरच्या अलीकडं. तिचं माहेर लातूर जिल्ह्यात, निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि पोरगी मान धरायला लागल्यावर परत आली. मी भोकरच्या स्टँडवर घ्यायला गेलो. निलंग्याहून लातूर, लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर अशा गाड्या बदलत ती आली, ती एका हातावर पोरगी आणि दुसऱ्या हातानं मांडीवर भोपळा धरून. गाडीच्या दारातून तिनं दोन्ही पुढं केलं. मी भोपळा घेतला.

हे तिनं मला जन्मभर ऐकवलं. "पोटची पोर राहिली हातात आन् माणसानं काशीफळ धरलं." तिच्या माहेरी भोपळ्याला काशीफळ म्हणतात. पोरगी मोठी झाली, लातूरला दिली, तरी जावयाच्या पुढ्यात सांगायची. मी म्हणायचो, जड होतं ते घेतलं. खरंच जड होतं.

तेव्हा आमच्या गावातला भोपळा लांबट असायचा. मोठा, फिक्का, चिरला की पाणी सोडायचा. संक्रांतीपुढं टिकायचा नाही. तिनं आणलेला चपटा होता, उलट्या टोपल्यासारखा. खोल खोल फाका, साल काळपट हिरवी आणि वरून राख चोळल्यासारखी. गर चार बोटं जाड, तांबूस केशरी. बिया थोड्या. घाऱ्या करायच्या तर गूळ निम्मा पुरायचा. शिंक्यात टांगला की पुढच्या मृगापर्यंत राहायचा. माझ्या आईनं आधी नाक मुरडलं. म्हणाली, "एवढंसं फळ, घरात माणसं किती." पुढं आईनंच आमचा लांबट लावायचा बंद केला. गावातही हळूहळू कुणी लावेना. आता त्याचं बी शोधून मिळत नाही. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझा थोरला भाऊ वारला. त्याची बायको, आमची वहिनी, भिंतीला भिंत लावून राहते. तिचं शेत आमच्या बांधापलीकडं. ती काही वर्षांपासून भोकरच्या दुकानातलं कंपनीचं बी आणते. गोल, ठिपक्यांचा भोपळा, एकसारखा. धर्माबादचा व्यापारी शेतातून उचलतो. त्यात वाईट काही नाही. वहिनीचं घर त्याच्यावर चाललं. पण माशीला बांध कळत नाही. ती तिकडचं पिवळं पायाला लावून इकडं येते. आमच्या वेलांना मधूनमधून गोलसर फळ धरायला लागलं. बायको म्हणायची, जमीन थकली. मी म्हणायचो, पाणी जास्ती झालं. माशीचं आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते सांगितलं कृषी विद्यापीठातल्या एका बाईनं. ती नांदेड आणि लातूरकडच्या गावांतून घरोघरचे भोपळे गोळा करत फिरत होती. जीप आमच्या दारात थांबली, मागचं फळकूट उघडलं आणि तिनं एक एक भोपळा ओट्यावर मांडला. इतक्या तऱ्हा मी उभ्या जन्मात बघितल्या नव्हत्या. एकाला सुरईसारखी मान होती. एक पांढुरका. एकाच्या अंगावर मस उठल्यासारखे फोड. एक माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा, आणि तो पिकलेला होता म्हणे.

बायको सगळ्यांना टिचक्या मारत फिरली. "बाई, हे इकती का खाती?"

"मोजते, आजी."

"मोजून काय करती?"

त्या बाईनं न कंटाळता सांगितलं. ह्या मस असलेल्याची चव काही नाही, पण पानं पिवळी पडून गोळा होण्याचा रोग येतो ना, तो ह्याच्या वेलाला धरत नाही. हा मुठीएवढा लवकर येतो, बाकीचे फुलावर असतात तेव्हा हा पिकतो. तुमचा टिकतो आणि गोड आहे. मला ह्याचा एक गुण आणि त्याचा एक गुण असं एका वेलात आणायचं आहे. पण त्याला आधी हे सगळे वेगवेगळे जिवंत पाहिजेत. सगळीकडं एकच भोपळा झाला तर मी कशातून काय निवडू?

"म्हंजी सोयरीक जमवती तू," बायको म्हणाली.

"हो आजी, तसंच."

मग बाईनं आमचा भोपळा पुढं ओढला आणि बॅगेतून सुरी काढली. बायकोनं तिचा हातच धरला. "थांब माय! तू नको."

आमच्यात अख्खा भोपळा बाईमाणूस चिरत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं पुढं काय ते करावं. भोपळा थोरल्या लेकासारखा असतो म्हणतात. घरात मी नसलो तर ती शेजारच्या पोरालाही बोलवायची, पण स्वतः विळी लावायची नाही. ती विद्यापीठाची बाई सुरी हातात धरून थांबली. मी आतून इळा आणला, एक घाव घातला आणि बाजूला झालो. मग त्या दोघी बसल्या आणि त्याच्या फोडी, बिया, गर, साल सगळं वेगळं केलं. बाई पट्टी लावून गराची जाडी बघत होती. एका नळीच्या काचेवर तिनं रसाचा थेंब टाकला आणि उजेडाकडं धरून डोळा लावला. गोडी किती ते कळतं म्हणाली. बायकोला बघायला दिलं.

"मला तर निळंच दिसून राहिलं."

"निळं जिथं संपतं तिथला आकडा बघा."

"आकडा मला कुठला येतोय? फोड आण इकडं. जिभेवर ठिवते आन् सांगते तुला गोडी."

बाई हसली. "आजी, मी तुमची जीभ विद्यापीठात कशी नेऊ? तिथं मला आकडाच दाखवावा लागतो." बायकोला ते फार आवडलं. पुढं कुणी काही मागायला आलं की म्हणायची, जीभ सोडून काय पायजे ते न्या.

निघताना बाईनं खरी गोष्ट सांगितली. ह्या फळातलं बी निम्मं मिसळलेलं आहे, शेजारच्या वेलाची फुलं माशीनं आणलीत. जुनं बी असलं तर ते लावा, आणि माशीच्या आधी तुम्ही फुलाला फूल लावा. संध्याकाळी कळ्या बांधायच्या. सकाळी नर फूल तोडून मादीत टेकवायचं, मादी परत बांधायची, देठाला लाल दोरा. त्या फळातलं बी मला द्या आणि तुम्हीही ठेवा. मी बाकीच्या गावांतून फिरले, असा चपटा मला दुसरीकडं भेटला नाही.

"माझ्या माहेरी आसंल की," बायको म्हणाली.

"तिकडं मी आधी गेले, आजी. तिकडं आता सगळा ऊस आहे."

बायको आत गेली आणि देवळीतून पत्र्याची डबी आणली. राखेत घोळलेलं जुनं बी होतं, बांधापलीकडं कंपनीचा भोपळा यायच्या आधीचं. तिनं ते हातावर ओतून बघितलं आणि परत डबीत घातलं. त्या दिवसापासून ती त्या डबीला मला हात लावू देत नव्हती.

पहिल्या साली तिनं निम्मं बी लावलं. कळ्या बांधल्या. बांधणं माझ्याकडं, फूल टेकवणं तिच्याकडं. माझी बोटं जाड. ती म्हणायची, "तुमच्या हातानं सगळं पिवळं खाली सांडंल." टेकवताना हसत हसत "सावधान" म्हणायची. गावभर झालं. वहिनी तर रोज सकाळी आम्ही परतायच्या वक्ताला सडा टाकत उभी असायची आणि विचारायची, "झालं का लगीन, भाऊजी? वरमाय बसली का रुसून?" बायको उत्तर द्यायची, "तुमचा आहेर यायचा राहिलाय."

फळं धरली, लाल दोरे लावले. ते बी दुसऱ्या साली लावलं तर वेलाला गोलसर, ठिपक्याचे भोपळे आले. एकही फाकेचा नाही. विद्यापीठाची बाई आली, फळं उलटीपालटी करून बघितली. मग तिनं विचारलं, "आजी, नर फूल कुठलं घेतलं होतं?"

"वैनीच्या रानातलं."

"का?"

"का म्हंजी? एका वेलाची फुलं म्हंजी भाऊ-बहीण. त्यांचं लगीन लावू व्हय मी? बाहीरचा नवरदेव आणला. चांगलं घर बघून आणला."

मला ते ठाऊक होतं आणि मलाही त्यात काही चुकलं वाटलं नव्हतं. भावा-बहिणीचं लावत नाहीत. वहिनीनं तर फुलं देताना तिला विचारलं होतं, हुंडा किती घेणार म्हणून.

बाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. पण रागावली नाही. चूक माझीच, मी सांगायला पाहिजे होतं, असं म्हणाली. मग तिनं सांगितलं की ह्या कामात एकाच वेलाची दोन फुलं चालतात. बायको म्हणाली, तुला चालत आसंल, माझ्या हातून व्हायचं न्हाई. दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी बाईनं विचारलं, "एकाच जुन्या बियाचे दोन वेगळे वेल असले तर?"

बायकोनं विचार केला. "ते चुलत-मामे झाले. मामाची पोरगी चालती की."

"मग तसं करा. मला तेही चालतं."

"पण परतवेल न्हाई करायची," बायको म्हणाली. परतवेल म्हणजे ज्या घरून सून आणली त्याच घरात पोरगी परत देणं. "नवरदेव एका वेलाचा, नवरी दुसऱ्याची. एकदा ठरलं ते ठरलं. उलटं लावायचं न्हाई."

बाई म्हणाली, बरं.

डबीत राहिलेलं बी ह्या साली लावलं. त्यानंतर डबी रिकामी. जुनं बी, थोडंच उगवलं. कोवळी रोपं काही पाखरांनी तोडली, काही पावसात बुडालेल्या कोपऱ्यात गेली. शेवटी दोन वेल राहिले, एक कुडाच्या अलीकडं आणि एक पलीकडं. अलीकडचा नवरदेवाचा, पलीकडचा नवरीचा, असं तिनं ठरवलं.

आणि मग फुलं जुळेनात. पलीकडं मादी यायची तेव्हा अलीकडं नर नसायचा. दोनदा तर उलटं झालं, अलीकडं मादी आणि पलीकडं नर, दोन्ही एकाच सकाळी. मी म्हणालो, लाव. ती म्हणाली, न्हाई. मी म्हणालो, भोपळ्याला कसली आली परतवेल? ती म्हणाली, "तुम्ही गप बसा. तुम्ही पोर सोडून भोपळा घेणारं माणूस." मादी तशीच गळून गेली, दोन्ही वेळा. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. एकदा बरोबर जुळलं तर झडीत कळी सडली. वेल बुडाकडून वाळायला लागले होते. तिनं शेंड्याकडं बघून सांगितलं की आता एखादीच मादी येईल, आली तर.

त्या संध्याकाळी आम्ही बांधली ती हीच. पलीकडं मादी, अलीकडं नर, दोन्ही उद्याच्या. वाटेनं येताना ती खुशीत होती. विद्यापीठाच्या बाईला पहिली फोड आपणच द्यायची, घाऱ्या करून द्यायच्या, असं बोलत होती. मी हाव हाव करत होतो.

जेवताना तिनं अर्धी भाकर ठेवली. छातीत जळजळ करून राहिलंय म्हणाली. मी ओवा दिला, तिनं खाल्ला, वर पाणी पिली. आता बरं वाटतंय म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मीही झोपलो.

ते फळ धरलं का, असं लोक विचारतात. धरलं. त्याचं मला फार सांगायचं नाही. मला सकाळचं सांगायचं आहे.

उजाडायच्या आधी मला जाग आली. मी म्हणालो, "उठ. फुलं उमलायची वेळ झाली." ती उठली नाही. मी परत म्हणालो. मग बटण दाबलं. ती रात्री होती तशीच भिंतीकडं तोंड करून होती. मी खांद्याला हात लावला. हात कपाळाला नेला. ती गार होती. तिचं बोट धरून बघितलं, ते वाकेना.

खरं ते लिहितो. मला काही झालं नाही. मी रडलो नाही, ओरडलो नाही. मी बाजेवर बसून राहिलो आणि चूल पेटवायची का नाही, एवढंच मनात येत होतं. मग उठून वाकळ तिच्या खांद्यापर्यंत ओढली. देवापुढचा दिवा लावून तिच्या उशाशी ठेवला. तेल कमी होतं, ते घातलं.

आता वहिनीला हाक मारायची होती. मारली की बायका जमणार, रडणं सुरू होणार, पोरीला लातूरला फोन जाणार. मला ओट्यावर बसवणार आणि तिथून उठू देणार नाहीत. आणि सुतक लागणार. सुतकात वेलात पाय घालत नाहीत. भाऊ वारला तेव्हा बायको दहा दिवस आखाड्याच्या बाहेर उभी राहून वेल बघायची, आत गेली नाही. हात लागला की वेल जळतो म्हणायची. त्या साली तिनं फळं जाऊ दिली पण नेम मोडला नाही.

सुतक कळल्यापासून धरतात. लांबच्या भाऊकीत कुणी गेलं आणि उशिरा कळलं तर कळल्या दिवसापासून. अजून कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी धरायचं का नाही ते मला ठाऊक नव्हतं. असलं काही अडलं की मी तिलाच विचारायचो.

लाल दोरा देवळीत रिकाम्या डबीवर होता. तो खिशात घातला. बाहेर आलो, दार ओढलं आणि मांजर आत जाऊ नये म्हणून कडी घातली.

वाटेत कुणी भेटलं नाही. आखाड्यावर गाय उठून उभी राहिली आणि माझ्या मागं बघायला लागली. धार तीच काढायची. मी गाईला वैरण टाकली आणि वेलाकडं गेलो. पानांवर दहिवर होतं. नर कळी दोऱ्यात फुगली होती, पाकळ्या दोऱ्याच्या वर निघायला बघत होत्या. मी कळी तोडली, दोरा दातानं सोडला, पाकळ्या खुडून टाकल्या. आत पिवळी कांडी राहते, ती पिवळ्या भुकटीनं भरलेली होती. ती हातात उभी धरून कुडाला वळसा घालून पलीकडं गेलो. घाई केली नाही. सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरला.

मादी कळीचा दोरा सोडला. ती हातातच उमलली. एरवी ती पाकळ्या धरायची आणि टेकवायची, मी दोरा घेऊन उभा राहायचो. आता पाकळ्या एका हातात धरल्या, दोरा दातात धरला आणि दुसऱ्या हातानं कांडी आत घातली. मादीच्या मध्यावर तीन गड्डे असतात. ती तिन्हीवर फिरवायची, तशी मी फिरवली. थोडं पिवळं पाकळीवर सांडलं, बाकी लागलं. सावधान म्हणालो नाही. ते ती म्हणायची.

पाकळ्या मिटल्या, दोरा गुंडाळला, एक टोक दातात धरून गाठ मारली. मुंगी शिरू नये इतकीच आवळली. देठाला लाल दोरा बांधला. लिंबाएवढा भोपळा तिथंच होता. मी त्याला बोट दाखवलं नाही. मग वर एक पान झाकलं, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून, आणि घराकडं निघालो.

गल्लीत आलो तेव्हा उजाडलं होतं. वहिनी तिच्या दारात सड्याची बादली घेऊन उभी होती. निम्मं अंगण झालं होतं. तिनं माझी बोटं बघितली, पिवळी झालेली.

"झालं का लगीन, भाऊजी?"

"झालं."

"एकटेच? वरमाय कुठं राहिली मागं?"

मी आमच्या दारापाशी पोचलो होतो.

"वैनी," मी म्हणालो, "सडा टाकू नका."

तिचा बादलीतला हात तसाच राहिला. मी दाराची कडी काढली.